बरणीतला महामेंदू

“बोलला! मेंदू बोलला!”

बॅडमिंटन हॉलच्या दारातून बाहेर पडता पडता बसचालकानं अशी आरोळी ठोकली की रांगेतल्या माणसांचे पाय आपोआप उचलले गेले. सकाळपासून ताटकळलेली शे-दोनशे माणसं एकदम पुढे सरकली, पुढच्याच्या टाचेवर मागच्याचा बूट पडला आणि रांग दाराशी गच्च चेपली गेली.

“काय बोलला? सांगा तरी!”

“माझ्या मनातलं बोलला! म्हणाला, तुमची कंबर दुखते, पण तुम्ही बायकोपासून लपवता!”

“खरंय का?”

“शंभर टक्के! आणि आता तिलाही कळलं. ती काय, मागेच उभी आहे!”

बायकोनं खरोखरच कंबरेवर हात ठेवले होते, पण स्वतःच्या. लोक हसले, बसचालकही हसला. चमत्कारापुढे घरातल्या भांडणाची कोणाला पर्वा?

त्या रांगेत बेडूकबाई उभी होती. शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची आणि बेडकाच्या हृदयावर बोलायला लागली की तास संपल्याची घंटाही तिला ऐकू यायची नाही. म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं, आणि ते तिला मनापासून आवडायचं. आज मात्र ती स्वतःहून आली नव्हती. ताईनं तिला मनगट धरून ओढत आणलं होतं. ताईच्या पलीकडे भावोजी होते. त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. बोटांना कायम डिंक चिकटलेला आणि स्वभाव एकदम सरळ.

“तू नाक मुरडू नकोस,” ताईनं बजावलं. “आत गेल्यावर गप्प बसायचं.”

“मी अजून तोंडही उघडलेलं नाही.”

“तुझ्या भुवया बोलतायत!”

त्यांच्या पुढे विणकाम करत एक मावशी उभ्या होत्या. गोड, गुबगुबीत, काखेत लोकरीची भलीमोठी पिशवी. सुया थांबत नव्हत्या आणि तोंडही थांबत नव्हतं. “काय विचारायचंय तुम्हाला? तब्येतीचं? अगंबाई! किती वर्षं झाली हो?” ताईला असा कान मिळाला की ती पाझरतेच. अकरा वर्षांपूर्वी भावोजींना दुकानातच फिट आली, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत, गेल्या सहा वर्षांत एकदाही फिट आली नाही, पण गोळ्यांनी सुस्ती येते, हे सगळं तिनं मावशींच्या पदरात टाकलं. मावशी चुकचुकत होत्या आणि एकेक टाका घालत होत्या.

मग त्यांची आत जायची वेळ झाली.

हॉलमध्ये बॅडमिंटनची जाळी काढून टाकलेली होती. मधोमध निळ्या मखमलीचं टेबल आणि त्यावर बादलीएवढी काचेची बरणी. बरणीत लालसर पाणी. पाण्यात एक गुलाबी, गुठळ्यागुठळ्यांचा, सुरकुतलेला गोळा. तळातून बुडबुडे येत होते. गोळ्याला चार चिमटे लावलेले, चिमट्यांना तारा आणि तारांच्या टोकाला दिवे लुकलुकणारी पेटी. शेजारी ‘महाप्राध्यापक’ उभे होते. पदवी त्यांची त्यांनीच घेतलेली. पांढरा डगला घोट्यापर्यंत आणि कॉलरला सोनेरी गोंडे.

“मंडळी!” महाप्राध्यापकांनी दोन्ही हात पसरले. “हे यंत्र नव्हे! जगभरचे शास्त्रज्ञ मेंदूची नक्कल करून यंत्रं बनवतात. मी नक्कल केली नाही, मी लागवड केली! शहाऐंशी अब्ज चेतापेशींची क्वांटम लागवड! त्याला कंपनांचं खत! जैविक विजेचं शिंपण! हा महामेंदू शिकलेला नाही, कारण याला शिकायची गरजच नाही. याला सगळं आधीच माहीत आहे!”

“म्हणजे न शिकता पास,” बेडूकबाई पुटपुटली. ताईनं तिला कोपर मारलं.

भावोजींनी पेटीवरच्या तांब्याच्या पाटीवर हात ठेवला. दिवे भराभरा लुकलुकले. पेटीतून घोगरा, गंभीर आवाज आला, “तुम्ही कागदांमध्ये राहता... अकरा वर्षं एक भीती तुमच्यासोबत आहे... गेली सहा वर्षं ती झोपली आहे.”

भावोजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ताईनं तोंडावर हात ठेवला.

“गोळ्या मेंदूला बेड्या घालतात,” आवाज म्हणाला. “रविवारी माझ्यासमोर या. रविवारपासून गोळी घेऊ नका. मेंदूजल घ्या.”

मेंदूजल म्हणजे बरणीतलंच लालसर पाणी. बाटल्यांमध्ये भरून दाराशी विकायला ठेवलेलं. आतापर्यंत बेडूकबाईला गंमत वाटत होती, पण या वाक्याला ती गंमत संपली.

घरी आल्यावर तिनं भावोजींना समोर बसवलं. “फिटच्या गोळ्या अशा एकदम सोडायच्या नसतात. एकामागून एक फिट येऊ शकतात. जीव जाऊ शकतो, भावोजी! आणि तुम्ही दिवसभर कागद कापायच्या पात्याशी उभे असता.”

भावोजी बोटांवरचा डिंक खरवडू लागले. “मला मरायचं नाहीये गं,” ते म्हणाले. “पण तुला कसं सांगू? मला सायकल चालवायचीय. तलावाला एक फेरी मारायचीय. अकरा वर्षांत मला कोणी असं म्हणालं नव्हतं, की तुम्ही मोकळे होऊ शकता. डॉक्टर म्हणतात, गोळ्या चालू ठेवा. तो म्हणाला, मोकळे व्हा.”

बेडूकबाई चिडायच्या बेतात होती. चिडायचं तर कोणावर? या माणसावर चिडता येणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पुन्हा रांगेत उभी राहिली. मुद्दाम विणकामवाल्या मावशींच्या मागे. काल त्या पुढे असूनही आत गेल्याच नव्हत्या आणि आज पुन्हा रांगेत होत्या, हे तिनं हेरलं होतं. “काय विचारायचंय हो तुम्हाला?” मावशींनी गोड आवाजात विचारलंच.

बेडूकबाईनं पदर... नाही, रुमाल डोळ्यांना लावला. “काय सांगू मावशी! माझी जुळी बहीण. लहानपणीच दूरदेशी गेली. कर्णा वाजवते. पत्र नाही, फोन नाही.”

“अगंबाई! कर्णा?”

“फार मोठा कर्णा.”

अर्ध्या तासानं महामेंदू घोगऱ्या आवाजात म्हणाला, “तुमच्यासारखाच एक चेहरा... दूरदेशी... मला कर्ण्याचा नाद ऐकू येतोय... ती तुमची आठवण काढते.”

बेडूकबाई अशी खूश झाली, की हॉलमधून घरापर्यंत ती जवळजवळ पळतच गेली. “ताई! पकडला! मी खोटं सांगितलं, आणि त्यानं तेच मला परत ऐकवलं! जुळी बहीण म्हणे! कर्णा म्हणे!”

ताई पांढरीफटक पडली. खुर्चीवर बसली. मग तिनं असा हंबरडा फोडला, की शेजारीण खिडकीत आली.

“आपल्याला अजून एक बहीण आहे! आणि आईनं मरेपर्यंत सांगितलं नाही!”

“अगं ताई, मी ती बनवली! कालपर्यंत ती नव्हती!”

“तुला वाटलं बनवली! तुझ्या तोंडून महामेंदूनंच वदवलं! नाहीतर कर्णाच का सुचला तुला? बाजाची पेटी का नाही? कुठे असेल गं बिचारी? जेवली असेल का?”

बेडूकबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि आत्याला फोन लावला. आत्या सुईण होती, दोघी भाच्यांना तिनंच या जगात आणलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फोनमधून खणखणीत सांगितलं, “धाकटी एकटीच होती. आणि ती एकटीच भरपूर झाली!”

ताईनं डोळे पुसले. “आत्याचं वय झालंय,” ती म्हणाली. “विसरली असेल.”

आता कुठे बेडूकबाईच्या लक्षात आलं. मेंदू खोटं बोलतो एवढं दाखवून भागणार नव्हतं. खोट्याला माणूस घरातला कोपरा देतो, पांघरूण घालतो, जेवली का म्हणून विचारतो. लोकांना भुरळ पडली होती ती ‘मेंदूसारखं यंत्र’ या कल्पनेची. ते काय असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून कोणीही त्यात काहीही भरू शकत होतं. तेव्हा तो मेंदू फोडायचाच, पण त्याआधी लोकांच्या हातात एक खराखुरा द्यायचा.

बरणीतल्या त्या गोळ्याबद्दल तिला पहिल्या दिवसापासून शंका होती. मेंदूला मधोमध खोल चीर असते, दोन अर्धे भाग असतात. सहावीची मुलंही चित्र काढताना ही चीर विसरत नाहीत. बरणीतल्या गोळ्याला चीर नव्हती. आणि जवळ गेलं की एक ओळखीचा वास यायचा, उकडलेल्या भाजीचा. शनिवारी ती भाजीवाल्या काकांच्या दुकानात गेली. “काका, तुमच्याकडून मोठा फ्लॉवर कोण नेतं हो?”

“काय सांगू!” काका फुलले. “खुद्द महाप्राध्यापक! दर तीन दिवसांनी. म्हणतात, सगळ्यात गच्च, सगळ्यात मोठा द्या. सोबत बीट. थोर माणूस, पण खाणं बघा किती साधं!”

बेडूकबाई टोमॅटोच्या टोपलीवर ओणवी होऊन हसली. काका घाबरले, पाणी आणायला धावले. तिनं त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा तेही टोपलीच्या दुसऱ्या बाजूला ओणवे झाले.

रविवारी सकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भावोजींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. सकाळची गोळी घ्यायची वेळ टळून गेली होती आणि ताईच्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी तशीच होती. महाप्राध्यापक बोलायला उठणार तोच बेडूकबाई उभी राहिली.

“सर, माझ्याकडेही एक मेंदू आहे. मेंदूवरूनच घडवलेला. आधी तो दाखवू का? दहा मिनिटांत होईल.”

लोकांनी टाळ्याच वाजवल्या. एका तिकिटात दोन मेंदू म्हटल्यावर कोण नको म्हणणार? महाप्राध्यापकांना हसावं लागलं. “दाखवा, दाखवा! कुठे आहे?”

“हा काय, खुर्च्यांवर बसलाय!”

तिनं नऊ माणसं उठवली. टेबलासमोरच्या जमिनीवर खडूनं तीन रांगांत तीन-तीन चौकोन आखले आणि प्रत्येकात एकेकाला उभं केलं. भावोजींना बरोब्बर मधल्या चौकोनात. प्रत्येकाच्या हातात एकेक रॅकेट. मग तिनं नऊ घरांचा पुठ्ठा दाखवला. “प्रत्येकानं फक्त स्वतःचं घर बघायचं. ते काळं असेल तर रॅकेट वर. बाकी चित्र काय आहे याच्याशी तुमचा संबंध नाही. मेंदूतल्या पेशीला तरी कुठे अख्खं चित्र दिसतं?”

बसचालकाला तिनं पुठ्ठ्याकडे पाठ करून उभं केलं. “तुम्ही फक्त रॅकेटी बघायच्या. प्रत्येकाच्या पायाशी मी गुण लिहिणार. ज्यांच्या रॅकेटी वर, त्यांचे गुण मिळवायचे. बेरीज शून्यापेक्षा जास्त आली तर ओरडायचं ‘फुली’, नाहीतर ‘गोल’. आत्ता सगळ्यांना शून्य.”

तिनं फुलीचा पुठ्ठा वर धरला. चार कोपरे आणि मध्य, पाच रॅकेटी वर गेल्या.

“बेरीज शून्य. गोल!” बसचालक ओरडला.

“चूक!” सगळा हॉल ओरडला. कारण हॉलला चित्र दिसत होतं.

“चुकला तर रागवायचं नाही, दुरुस्त करायचं,” बाई म्हणाली. “फुली असायला हवी होती, म्हणून ज्यांनी रॅकेटी वर केल्या त्या पाचांना एकेक गुण अधिक.” तिनं खडूनं लिहिलं. मग गोलाचा पुठ्ठा. मधला सोडून आठही रॅकेटी वर.

“कोपऱ्यांचे चार... फुली!”

“चूक!” हॉलला आता मजा यायला लागली होती.

“मग आठही जणांचा एकेक गुण कमी.” कोपरे शून्यावर आले, कडेच्या चौघांना वजा एक लागला. भावोजींची रॅकेट खाली होती, त्यांचा अधिक एक तसाच राहिला. पुन्हा फुली.

बसचालकानं बोटं मोजली. “एक. फुली?”

“बरोब्बर!” छत उडेल असा गजर झाला. गोल दाखवला. वजा चार. “गोल!” पुन्हा फुली, पुन्हा गोल, उलटसुलट, भराभर. बसचालक एकदाही चुकला नाही. लोक खुर्च्यांवर चढले. एक आजी ओरडल्या, “अगं, शिकला की गं हा!”

“कोण शिकला?” बाईनं विचारलं. “याला चित्र दिसलं नाही. यांना पूर्ण चित्र दिसलं नाही. फुली म्हणजे काय हे कोणाच्याच डोक्यात नाही. ते कुठे आहे?”

भावोजींनी खाली पाहिलं. “खडूत,” ते हळूच म्हणाले. “या आकड्यांत. चुकलं की थोडं बदलायचं, एवढंच.”

“एवढंच! माणसानं मेंदूकडून उचलली ती ही युक्ती. मोठ्या यंत्रांत असे अब्जावधी आकडे असतात, त्यात शेकडो कारागिरांची अक्कल असते आणि त्यांच्या हातून मोठी कामंही होतात. पण जादू? ती यात कुठेच नाही. आता हे बघा.” तिनं तिसराच पुठ्ठा वर धरला. बेरजेचं चिन्ह. कडेचे चौघं आणि भावोजी, पाच रॅकेटी.

“वजा चार, अधिक एक, वजा तीन...” बसचालकानं छाती फुगवली. “गोल!”

सगळा हॉल हसत सुटला. बसचालकानं मागे वळून चिन्ह पाहिलं आणि तोही पोट धरून खाली बसला.

“बघितलंत?” बाई म्हणाली. “जे कधी दाखवलंच नाही, तेही त्यानं किती छातीठोक सांगितलं! त्याला ‘मला माहीत नाही’ म्हणता येत नाही, कारण आपण ते शिकवलंच नाही. मग मला सांगा, त्या बरणीतल्यानं आजवर किती फिटचे रुग्ण बघितले? त्याला कोणी शिकवलं? आणि तो चुकला तेव्हा त्याला कोणी दुरुस्त केलं?”

महाप्राध्यापक घाईघाईनं पुढे आले. “हा खेळ आहे! माझा महामेंदू सजीव आहे! महामेंदू, बोल! या अज्ञानाला उत्तर दे!”

“मी विचार करतोय...” पेटी घोगरली. “माझ्या पेशी कंप पावतायत...”

बाईनं पुढे होऊन चारही चिमटे काढले. आता गोळ्याचा पेटीशी काहीच संबंध उरला नाही.

“...माझ्या पेशींना यातना होतायत!” पेटी म्हणाली.

“तारेविना?” बसचालकानं विचारलं. तोच आवाज कपडे बदलायच्या खोलीतूनही येत होता, म्हणून त्यानं तिचं दार ढकललं. आत एक किडकिडीत गृहस्थ मांडीवर माईक आणि कानाला फोन लावून बसले होते. ते महाप्राध्यापकांचे मेहुणे निघाले. फोनचं दुसरं टोक शोधायला वेळ लागला नाही, कारण विणकामवाल्या मावशींच्या लोकरीच्या पिशवीतून आतल्या खोलीत बोलणाऱ्या बसचालकाचाच आवाज येत होता. मावशी म्हणजे मेहुण्यांच्या आई, महाप्राध्यापकांच्या सासूबाई. त्यांनी सुया गुंडाळल्या आणि जावयाकडे असं पाहिलं, की शिक्षा तिथेच सुरू झाली.

तेवढ्यात भाजीवाले काका बाह्या सरसावून टेबलापाशी आले. त्यांनी बरणीत हात घातला, गोळा बाहेर काढला, पाणी निथळू दिलं आणि उलटा करून देठ सगळ्यांना दाखवला.

“फ्लॉवर,” ते म्हणाले. “गुरुवारचा. माझ्या दुकानातला. बिटाच्या पाण्यात रंगवलाय.”

“ही भाजी नव्हे!” महाप्राध्यापक किंचाळले. “हा भाजीच्या रूपातला मेंदू आहे! बाह्यरूपावर जाऊ नका!”

पण आता त्यांना कोण ऐकतंय! हशाची लाट दाराबाहेर रस्त्यापर्यंत गेली. ज्यांनी मेंदूजल प्यायलं होतं ते एकमेकांना विचारत होते, “चव कशी होती हो?” आणि उत्तर येत होतं, “मीठ कमी होतं!” डगल्याचे गोंडे गर्दीत निसटत चाललेले पाहून बसचालकानं दार अडवलं, आणि गर्दीत बसलेल्या, बेडूकबाईच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पोलिसांना फोन लावला.

एवढ्या गोंधळात भावोजी अजून आपल्या चौकोनात उभे होते. रॅकेट हातात. “म्हणजे मी मोकळा होणार नाही,” ते म्हणाले.

बेडूकबाई त्यांच्याजवळ गेली. “मला माहीत नाही, भावोजी. खरंच माहीत नाही. सहा वर्षं फिट नाही, तेव्हा विचारायला तर हवं. ज्यांना माहीत आहे त्यांना विचारू. मी येते सोबत. पण ही गोळी आत्ता घ्या.”

ताईनं पर्स उघडली. पट्टीतली गोळी काढून पुढे धरली. भावोजींनी ती पाण्याच्या घोटाबरोबर घेतली आणि ताईनं तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांच्या दंडाला घट्ट धरलं. “मी तुमचा जीव घालवला असता,” ती म्हणाली. कोणीच हसलं नाही.

सोमवारी तिघं भावोजींच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी जुने कागद नीट वाचले. “सहा वर्षं म्हणजे विचार करण्यासारखं आहे,” त्या म्हणाल्या. “आधी तपासण्या करू. ठीक वाटलं तर गोळी थोडी थोडी कमी करू, महिनोन्महिने लावून. जमेलच असं मी सांगत नाही. तोवर सायकल नको, आणि दुकानात त्या पात्याशी दुसऱ्या कोणाला तरी उभं करा.”

भावोजींनी विचारलं, “हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही कधी विचारलंच नाहीत. आणि मीही आपणहून हा विषय काढायला हवा होता. चुकलंच माझं.”

बाहेर आल्यावर भावोजी पायऱ्यांवर थांबले आणि म्हणाले, की एखादी मोठी जाणकार बाई ‘चुकलं माझं’ म्हणाली, तर विश्वास कमी व्हायला हवा, पण माझा तर वाढला.

वाढायलाच हवा. चेतापेशीपासून डॉक्टरपर्यंत जे कोणी खरोखर शिकतं, ते चुकूनच शिकतं आणि चूक कबूल करूनच सुधारतं. तेव्हा बाबांनो, बायांनो, समोर बरणी असो, पेटी असो की सोनेरी गोंड्यांचा डगला, त्याला दोनच गोष्टी विचारा. तुला हे कसं कळलं? आणि तू चुकलास तर आम्हाला कसं कळेल? ज्याला या प्रश्नांचा राग येतो, त्याच्या सांगण्यावरून गोळी सोडू नका, घर सोडू नका, आणि आपलं डोकं तर मुळीच सोडू नका.